जुने फोटो पुस्तकात छापताना पैसे कशाचे द्यायचे आणि परवानगी कोणाची घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका पेठेच्या इतिहासावर पुस्तक निघतंय. १००० प्रतींची आवृत्ती, चाळीसेक फोटो. काही १८९७ च्या प्लेगच्या काळातले, काही १९३० च्या दशकातल्या मिरवणुका, वाडे, घरगुती समारंभ, आणि बरेचसे १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराचे. सगळे एका स्थानिक संस्थेच्या संग्रहात आहेत आणि संस्था दर फोटोमागे शुल्क सांगते आहे. लेखकमंडळींना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोचे पैसे संस्था कशी काय मागते? आणि एकदा पैसे भरले, पावती घेतली, की आपण मोकळे का?

संस्था पैसे मागू शकते. पण ते भरून तुम्ही मोकळे होता असं नाही. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे तिथेच बहुतेक पुस्तकं अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संस्थेच्या कपाटातल्या फोटोवर तीन वेगवेगळे अधिकार असतात. एक, त्या कागदाची किंवा काचेच्या निगेटिव्हची मालकी. ती संस्थेची. तिथपर्यंत तुम्हाला पोचू द्यायचं की नाही, प्रत कोणत्या अटींवर द्यायची, हे संस्था ठरवते आणि त्याचं शुल्क लावते. दोन, स्कॅन करून देण्याचं काम, त्याची मजुरी. तीन, कॉपीराइट. हा फोटो काढणाऱ्याचा, किंवा ज्याने पैसे देऊन काढवून घेतला त्याचा, किंवा त्यांच्या वारसांचा. पुष्कळदा तो संपलेलाही असतो. पुस्तकाची प्रत विकत घेतली म्हणून ते पुन्हा छापायचा हक्क मिळत नाही, तसंच फोटो संग्रहात आला म्हणून त्याचा कॉपीराइट संस्थेकडे आला असं होत नाही. कायद्याने कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर ते लेखी लागतं. फोटोग्राफरच्या मुलाने चार खोकी आणून दिली, सत्कार झाला, नारळ दिला, याने फार तर खोकी संस्थेची झाली.

याला एक अपवाद आहे, आणि तो संस्थांच्या कार्यवाहांनाही बहुधा ठाऊक नसतो. फोटोग्राफरने मृत्युपत्रात आपले फोटो संस्थेला दिले असतील, ते त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले नसतील आणि मृत्युपत्रात वेगळं काही म्हटलं नसेल, तर कॉपीराइटही सोबत गेला असं कायदा धरतो. म्हणून पहिल्या भेटीत शुल्काचं काढण्याआधी दाखल नोंदवही (संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू क्रमांकासह नोंदवतात ती वही) आणि दानपत्र बघायला मागा. फोटो कोणी दिला, कधी दिला, कसा दिला, एवढं कळलं की पुढची अर्धी पायपीट वाचते.

आता मुदतीचं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. तुमचे तीनही गठ्ठे या कायद्यात तीन वेगळ्या ठिकाणी बसतात.

प्लेगच्या फोटोंचं सोपं आहे. १९५८ च्या आधीच्या कायद्यात फोटोची मुदत निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं होती. १८९७ ची निगेटिव्ह १९४७ ला सुटली, आणि आधीच सुटलेल्या कामाला नव्या कायद्याने पुन्हा हक्क दिला नाही. १९०७ अखेरपर्यंत काढलेला कुठलाही फोटो याच हिशेबाने मोकळा समजा, मग तो छापलेला असो वा नसो. या फोटोंसाठी संस्था मागते ते पैसे प्रत आणि वापराच्या अटींचे आहेत. शुल्कपत्रकात त्यालाच ‘कॉपीराइट शुल्क’ असं छापलेलं आढळेल. वाद घालत बसू नका, पण परवानगीपत्रात तो शब्द ‘वापर शुल्क’ असा करून घ्या. उद्या तुमच्या पुस्तकातला तोच फोटो दुसऱ्या कोणी वापरला तर उगाच भलत्या दाव्याला तुमच्या सहीचा आधार नको.

प्लेगच्या बाबतीत आणखी एक बघा. मुंबईच्या १८९६-९७ च्या साथीचे फोटो लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत आणि त्यातल्या बऱ्याच प्रतिमा मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. काहींना फक्त श्रेय द्यावं लागतं, काहींना तेही नाही. प्रत्येक प्रतिमेखाली लिहिलेलं असतं. असा फोटो स्थानिक संग्रहात नुसती छापील प्रत म्हणून पडला असेल तर तिथून विकत घेण्यात अर्थ नाही. मात्र तो मुंबईचा आहे, पुण्याचा नाही, हे तुमच्या मजकुरात स्पष्ट राहू द्या. मुंबई आणि कराचीच्या प्लेग-छावण्या ‘रँडच्या काळातलं पुणं’ म्हणून सर्रास फिरतात. परवानगीचा प्रश्न सुटला तरी फोटोखालच्या ओळीतली चूक सुटत नाही.

१९३० च्या दशकातल्या फोटोंना थोडा विचार लागतो. १९५७ च्या कायद्यात फोटोची मुदत तो प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे. आधी ५० वर्षं, पुढे वाढवून ६०. मग २०१२ च्या दुरुस्तीने फोटोसाठीचं हे वेगळं कलमच काढून टाकलं. २१ जून २०१२ पासून फोटोलाही चित्राप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लागू झाली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की १९५१ अखेरपर्यंत जो फोटो मासिकात, वर्तमानपत्रात, स्मरणिकेत किंवा विक्रीच्या कार्डावर प्रसिद्ध झाला त्याची मुदत दुरुस्तीच्या आधीच, उशिरात उशिरा २०११ अखेर, संपलेली होती. तो मोकळा. म्हणून जुन्या अंकांमध्ये तुमचा फोटो छापलेला सापडतो का, हे शोधणं वेळखाऊ वाटलं तरी कामाचं आहे. सापडला तर त्या पानाचा फोटो काढून, अंकाचा महिना आणि वर्ष टिपून फाइलीत ठेवा.

कधीच न छापलेल्या फोटोंचं मात्र उलटं होतं. स्टुडिओच्या खोक्यात पडून राहिलेल्या १९३४ च्या निगेटिव्हची जुन्या हिशेबाने मुदत सुरूच झाली नव्हती. आता ती फोटोग्राफरच्या मृत्यूवरून मोजायची. तो १९६२ मध्ये गेला असेल तर २०२२ अखेर हक्क संपला. १९७५ मध्ये गेला असेल तर २०३५ अखेरपर्यंत आहे. म्हणजे एकाच मिरवणुकीचे, एकाच दिवशी काढलेले दोन फोटो. छापलेला मोकळा आणि खोक्यातला बंद. विचित्र आहे, पण हिशेब असाच लागतो. त्यामुळे फोटोग्राफरचं मृत्यूवर्ष ही तुमच्या तक्त्यातली सगळ्यात मोलाची नोंद. जुन्या स्टुडिओंचे वारस पुण्यात अजून पुष्कळ सापडतात. फोटोच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव आणि पेठ छापलेली असते, तिथून सुरुवात करा.

वाड्यातल्या कौटुंबिक फोटोंना आणखी एक वळण आहे. कोणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला हक्कधारक तो ग्राहक, स्टुडिओ नव्हे. मुंजीचा, लग्नाचा, एकत्र कुटुंबाचा ग्रुप फोटो असेल तर परवानगी त्या घराची. मुदत मात्र तरीही फोटोग्राफरच्या आयुष्यावरूनच मोजायची. घरच्यांना विचारणं एरवीही बरंच, कारण फोटोतल्या बायकांची नावं तेच सांगू शकतात. संस्थेच्या नोंदीत ती ‘कुटुंबातील स्त्रिया’ एवढीच असतात.

पानशेतचे फोटो हा तुमचा खरा डोकेदुखीचा गठ्ठा. १९६१ चा फोटो त्याच वर्षी छापला असला तरी २०१२ मध्ये त्याचा हक्क जिवंत होता, त्यामुळे फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असंच धरून चाला. तेव्हा पंचविशी-तिशीत असलेले लोक या काळापर्यंत हयात असू शकतात. हयात नसले तरी मुदत बहुधा बरीच बाकी असेल. ‘साठ वर्षं झाली, आता काय’ हे वाक्य तुम्हाला खूप जण ऐकवतील. ते सरकारी फोटोंपुरतं बरोबर आहे. सरकारने काढवून घेतलेल्या आणि प्रसिद्ध केलेल्या फोटोची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षंच राहिली, म्हणून सरकारच्या प्रसिद्धी खात्याने १९६१ मध्ये प्रसृत केलेला फोटो १ जानेवारी २०२२ पासून मोकळा आहे. त्या खात्याने काढलेला पण कधीच बाहेर न आलेला फोटो मोकळा नाही. तिथे लेखी विचारा. आणि माहिती अधिकारात अर्ज टाकून फोटो काढून घेऊ, ही युक्ती डोक्यात असेल तर सोडून द्या. शासनाबाहेरच्या कोणाचा कॉपीराइट मोडत असेल तर अर्ज नाकारायची तरतूद त्या कायद्याच्या नवव्या कलमातच आहे. शिवाय प्रत मिळाली तरी छापायचा हक्क मिळत नाही.

वर्तमानपत्रातल्या पुराच्या फोटोंबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. लोक वर्तमानपत्राच्या कार्यालयातून पत्र आणतात आणि निश्चिंत होतात. नोकरीतल्या फोटोग्राफरने काढलेल्या फोटोवर मालकाचा हक्क असतो तो वर्तमानपत्रात, नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी उपयोगांसाठी, म्हणजे पुस्तकासाठीसुद्धा, हक्क फोटोग्राफरचाच राहतो. दोघांत वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. तो करार १९६१ मध्ये कोणी लिहून ठेवला असेल अशी आशा कमीच. म्हणून दोन पत्रं घ्या: एक वर्तमानपत्राचं, एक फोटोग्राफरचं किंवा त्यांच्या घरच्यांचं. आणि ज्या पूरग्रस्ताने स्वतःच्या कॅमेऱ्याने स्वतःच्या गल्लीचे फोटो काढले, त्याचा प्रश्न सरळ आहे. त्याची परवानगी, संपलं.

आता शुल्क. दर किती असावा याचं सगळ्यांना लागू होणारं कोष्टक नाही; प्रत्येक संस्थेची कार्यकारिणी आपापला ठराव करते. पण दर कशावरून ठरतो ते सगळीकडे सारखंच असतं: किती प्रती छापणार, फोटो पाव पान, पूर्ण पान की मुखपृष्ठ, एकच आवृत्ती की पुढच्याही, फक्त छापील की ई-पुस्तकही, मराठीपुरतं की अनुवादासह, आणि पुस्तक विक्रीचं आहे की देणगीमूल्याचं. तुम्ही यातलं काहीच न सांगता ‘पुस्तकासाठी हवेत’ एवढंच म्हणालात, तर संस्था साहजिकच वरचा दर लावणार. उलट एका पानाच्या अर्जात हे सगळं लिहिलंत तर बोलायला जागा होते.

ढोबळ हिशेबाने बघा. समजा संस्थेने फोटोमागे ५०० रुपये सांगितले. चाळीस फोटोंचे २०,००० झाले, १००० प्रतींवर वाटले तर प्रतीमागे २० रुपये. चारशे रुपयांच्या पुस्तकाला हे जड नाही. हीच रक्कम ३०० प्रतींवर वाटली तर प्रतीमागे ६७ रुपये जवळजवळ, आणि तिथे प्रकल्पच डळमळतो. म्हणून फोटोगणिक घासाघीस न करता गठ्ठ्याचा दर मागा आणि प्रतिसंख्या कमी असेल तर ती पुढे करा. मला स्वतःला संस्थांचं शुल्क फार वाटत नाही. काचेच्या निगेटिव्हवरची बुरशी काढणं, आम्लरहित पाकिटं, कोरडी खोली, हे सगळं एखाद्या अर्धवेळ माणसाच्या जिवावर चाललेलं असतं. मला खटकतं ते संपलेल्या हक्काचे पैसे मागणं, आणि तेवढंच खटकतं फुकटात नेऊन नंतर संस्थेचं नावही न छापणं.

सवलत मागायची असेल तर बदल्यात काहीतरी द्या. तुम्ही पेठेत फिरून फोटोंतली घरं, माणसं, वर्षं ओळखणारच आहात. ती यादी दाखल क्रमांकांसह संस्थेला द्यायचं कबूल करा. संस्थेच्या दृष्टीने ती पैशांपेक्षा मोलाची असते आणि समितीपुढे मांडायला सोपी जाते. पुस्तकाच्या प्रती तर द्यायच्याच, बहुतेक ठिकाणी तशी अटच असते. शुल्कात जीएसटी धरलेला आहे का, हे आधी विचारा; पैसे संस्थेच्या खात्यावर भरा, पावती घ्या. कर्मचाऱ्याच्या हातात रोख देऊन मिळालेला पेन ड्राइव्ह म्हणजे परवानगी नव्हे.

परवानगीपत्र संस्थेच्या कागदावर, अधिकार असलेल्या पदाधिकाऱ्याच्या सहीने हवं. त्यात प्रत्येक फोटोचा दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, प्रतिसंख्या, आवृत्ती, माध्यम आणि श्रेयाची नेमकी शब्दरचना लिहून घ्या. मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द विसरू नका. हक्कधारकाच्या परवान्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं समजतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढायची झाली किंवा अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळासाठी प्रती पाठवायच्या झाल्या, की पुन्हा दारात. ‘या पुस्तकाच्या सर्व आवृत्त्या, छापील व ई-स्वरूपात, जगभर’ एवढं एक वाक्य वारसांच्या पत्रात घातलं तर तो प्रश्न मिटतो. जाहिरातपत्रक आणि समाजमाध्यमांवर फोटो टाकायचे असतील तर तेही याच पत्रात घ्या. प्रकाशन समारंभाच्या फ्लेक्सवर अख्खा फोटो झळकला आणि कार्यवाह चिडले, हे पुण्यात नवीन नाही.

स्कॅनबद्दल एकच. पूर्ण पानाला, म्हणजे ६ बाय ९ इंचाला, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर १८०० बाय २७०० पिक्सेल हवेत. क्वार्टर प्लेटची निगेटिव्ह सव्वातीन बाय सव्वाचार इंचांची असते, म्हणजे तिचं स्कॅन निदान ६५० डीपीआयला लागेल. १२०० ला आणि टिफ स्वरूपात मागा, कडा न कापता. एकदाच स्कॅन होईल, निगेटिव्ह पुन्हा पुन्हा बाहेर निघणार नाही. नुसत्या स्कॅनिंगने संस्थेला नवा कॉपीराइट मिळतो का, असं पुष्कळ जण विचारतात. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या कष्टांवर कॉपीराइट उभा राहत नाही, थोडी तरी सर्जकता लागते, असं म्हटलं. त्या न्यायाने जशाच्या तशा प्रतीवर दावा टिकणं कठीण. रंग भरलेल्या फोटोचं तसं नाही. तिथे रंग भरणाऱ्याचा हक्क तयार होऊ शकतो, आणि मूळ फोटोग्राफरचा नैतिक हक्कही (आपलं काम बिघडवू न देण्याचा) आड येऊ शकतो. इतिहासाच्या पुस्तकात रंग भरलेला फोटो मी तर घेणारच नाही.

फेसबुकवरचे ‘जुनं पुणं’ छापाचे फोटो शोध घ्यायला उत्तम, छापायला नाहीत. कोपऱ्यात कोणीतरी आपलं नाव टाकलेलं असतं. त्याने तो मालक होत नाही. त्याला विचारायचं ते मूळ फोटो कुठून मिळाला एवढंच. मोठ्या छायाचित्र-विक्री संस्थळांवरही मोकळे झालेले फोटो विकायला असतात. तेच चित्र सार्वजनिक संग्रहात मिळत असेल तर तिथून घ्या.

वारस सापडतच नसतील तर काय? कर्ता मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर सक्तीच्या परवान्यासाठी, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीशिवाय मिळणाऱ्या परवान्यासाठी, अर्ज करायची सोय कायद्यात आहे. आधी वर्तमानपत्रात प्रस्ताव जाहीर करावा लागतो, मग अर्ज. पुराच्या तीन फोटोंसाठी कोणी या वाटेला जात नाही. व्यवहारात लोक शोधाची नोंद ठेवतात: कोणाला पत्र लिहिलं, कधी, काय उत्तर आलं. आणि पुस्तकात ‘हक्कधारकांनी संपर्क साधावा’ अशी ओळ टाकतात. ही ओळ म्हणजे परवानगी नाही आणि न्यायालयात बचावही नाही. प्रामाणिक प्रयत्न दिसतो, म्हणून पुढे कोणी आलंच तर बोलणी सुरळीत होतात, इतकाच तिचा उपयोग. असा फोटो मुखपृष्ठावर मात्र कधीही टाकू नका. आतला फोटो पुढच्या आवृत्तीत बदलता येतो, मुखपृष्ठ बदलायचं म्हणजे छापून पडलेल्या सगळ्या प्रतींचं करायचं काय, हा प्रश्न येतो.

कामाचा क्रम म्हणाल तर पानशेतपासून सुरू करा, प्लेग शेवटी ठेवा. वारस शोधायला महिने जातात आणि संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक रोज भरत नाही. अर्ज तिच्या आधी पंधरवडाभर कार्यवाहांच्या टेबलावर असू द्या, सोबत फोटोंच्या छोट्या प्रती आणि दाखल क्रमांकांचा तक्ता जोडून. ज्या फोटोंची पत्रं पुस्तक छपाईला जाईपर्यंत येणार नाहीत असं दिसतं, त्यांच्या जागी कोणते मोकळे फोटो घालायचे तेही त्याच तक्त्यात आत्ताच लिहून ठेवा.